टोरांटोतला मलिदा

देवाशी माझं नातं आधीपासून जरा सावधच. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी, आणि माझ्या आईच्या आयुष्यात आमचे पैगंबर एलियाहू हन्नबी शेजाऱ्यासारखे येत-जात असतात. कुणाला ताप आला, कुणाचा व्हिसा अडला, की ती त्यांना नवस बोलते आणि काम झालं की मलिदा करते. गोड पोह्यांचा ढीग, त्यात ओला नारळ, वेलची, बेदाणे, भोवती पाच फळं आणि वर गुलाब. पैगंबरांचा एक वाटा बाजूला काढायचा, अशी आमच्या घरची रीत. माझी सगळी नोकरी लंडनमध्ये लोकांना औषधं देण्यात गेली. मलिदा मला आवडायचा, पण खायला. पैगंबर येतात यावर माझा विश्वास होता असं मी म्हणणार नाही.

त्या उन्हाळ्यात तर देवाचं नाव काढलं तरी मला राग यायचा. माझी लेक साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिची आधीची गर्भारपणं अर्ध्यावरच संपली होती. या खेपेला सातवा महिना सरला, तरी माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती आणि मी तिला दिवसातून चारदा फोन करत होते. शेवटी तिनेच वैतागून सांगितलं, "मम, तू मला स्ट्रेस देतेयस. आजीला टोरांटो दाखवायचं प्रॉमिस केलंयस ना, मग आत्ता जा. नंतर नॅपीज आहेतच."

आईला ते शहर उतरल्या उतरल्या आवडलं. ट्रॅममध्ये समोर सरदारजी, शेजारी सोमाली बाई, मागे भाजीच्या पिशव्या सांभाळणारी चिनी आजी. आई त्या सगळ्यांशी मराठीत बोलली आणि सगळ्यांनी तिला आपापल्या भाषेत उत्तरं दिली. लंडनही असंच आहे की, मी म्हटलं. तर म्हणाली, तिथे आपण कामाला जातो, बघतो कुठे? तिचा उत्साह हळूहळू मलाही लागला. उंच मनोरा, तळं, धबधबा असा सगळा बेत मी आखला होता आणि सुरुवात केन्सिंग्टन मार्केटपासून केली. रंगीत घरं, वाफाळती खाण्याची दुकानं, एका दारातून एक गाणं तर पुढच्या दारातून दुसरंच. मी लहान मुलीसारखी हरखून फोटो काढत सुटले होते.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. लेकीला अचानक रक्तस्राव सुरू झाला होता, बाळाचे ठोके मंदावले होते, तिला ऑपरेशनला आत नेत होते. कळलं की सांगतो, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी एका फळवाल्याच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसले. औषधांच्या धंद्यातल्या माणसाला नको तेवढं ठाऊक असतं आणि ते सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. फोनवर विमानं शोधली. त्या दिवशीच्या एकातही जागा नव्हती. मधे अख्खा समुद्र, आणि मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आईने स्कार्फ डोक्यावर घेतला. भर रस्त्यात, लोक आजूबाजूने जात असताना ती डोळे मिटून नवस बोलली, की बाळ-बाळंतीण सुखरूप असू देत, आजच्या आज मलिदा करीन. मग डोळे उघडून विचारलं, नारळ कुठे मिळेल गं इथे?

मी तिच्यावर ओरडलेच. "अजून बातमीचा पत्ता नाही, आणि तुला नारळ हवाय?"

"बातमी येईपर्यंत दुकानं बंद झाली तर?" ती म्हणाली.

उठले आणि तिच्यामागून चालू लागले. एका जमेकन बाईंच्या दुकानात आईने नारळ कानाशी हलवून हलवून परत ठेवले, तर त्या बाईंनीच हसून एक निवडून दिला. कशासाठी हवा ते मी सांगितल्यावर त्यांचं हसू थांबलं. त्यांनी नारळावर हात ठेवला, डोळे मिटून स्वतःशी काही पुटपुटल्या, आणि मग तो फोडूनही दिला. चिनी दुकानात लिची आणि पेरू मिळाले, पुढे खजूर, केळी, आंबा आणि गुलाबही. दर दुकानात आई माझ्या लेकीचं नाव सांगायची आणि दर दुकानात कुणीतरी ते नाव पुन्हा उच्चारायचं. भीती गेली नव्हती, पण तिच्या जोडीला एक वेगळीच धडधड सुरू झाली. सगळं शहर आमच्या कामाला लागलंय असं मला वाटायला लागलं.

पोहे मात्र कुठेच नव्हते. कुणी ओट्स दाखवले, कुणी कुरमुरे. दमून आम्ही ट्रॅमच्या थांब्यावर आलो. तिथे नेपाळी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. तसबिरीतल्या एलियाहू हन्नबींसारखी दाढी नव्हती हे बरं, नाहीतर पैगंबरच आले म्हणून आईने तिथेच त्यांचे पाय धरले असते. आमच्या बोलण्यातला 'पोहे' शब्द त्यांना कळला असावा. काय शोधताय, त्यांनी हिंदीत विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पिशवीतून एक पुडा काढून आईच्या हातात दिला. चिउरा, म्हणजे पोहेच. घरच्या पूजेसाठी नेत होते. आमचं उद्या झालं तरी चालेल, तुमचं आज आहे, म्हणाले. आईने नको म्हणून पाहिलं, पण त्यांची ट्रॅम आली आणि ते चढलेसुद्धा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

हॉटेलच्या खोलीत बर्फाच्या बादलीत पोहे भिजत घातले. खोवणी नव्हती, म्हणून मी चमच्याने नारळ खरवडत बसले. हात चालू होते आणि मनात मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, की आता माझ्याने होत नाही, तुम्हीच बघा. फोन वाजला तेव्हा बोटं खोबऱ्याने माखली होती. मुलगी झाली होती. अगदी चिमुकली, पण रडली होती. लेक शुद्धीवर आली होती. मी आईला मिठी मारली आणि हमसून हमसून रडले. मग आम्ही दोघींनी गुलाब हुंगले, येतील ते आशीर्वाद, म्हणजे आमच्या प्रार्थना, म्हटले, आणि बेसूर आवाजात एलियाहू हन्नबींचं गाणं इतक्या जोरात गायलं की शेजारच्या खोलीतून भिंतीवर ठोठावलं.

मनोरा आम्ही पाहिला नाही, धबधबाही नाही. तरी कुणी टोरांटोबद्दल विचारलं की माझं बोलणं थांबत नाही. जन्मभर मला वाटायचं, आपण हात काढले की सगळं कोसळेल. त्या दिवशी माझे हात नारळात होते, आणि जे सांभाळायचं ते कुणीतरी सांभाळत होतं. कुणी, ते मी ठरवत नाही. आभार मात्र रोज मानते.

बाळ घरी आलं तेव्हा साउथहॅम्प्टनला मोठा मलिदा केला. पैगंबरांचा वाटा मी स्वतः काढला आणि शेजारी आणखी एक काढला. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तो कुणाचा, तिने विचारलं. ज्यांनी पोहे दिले त्यांचा, मी म्हटलं.

आईने बाळाचं टोपरं सारखं केलं. "एकाच माणसाला दोनदा कशाला वाढतेस?" ती म्हणाली.

मी दुसरा वाटा उचलला आणि पहिल्यात मिसळला.