सासऱ्यांच्या खाटेखालच्या विटा

स्वतःच्या अन्ननलिकेशी उभं वैर धरलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा सासरा निघावा, हे माझं नशीब! आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्यांच्या अनसिंग गावाच्या आसपास कुठंही निखाऱ्यावर भाजलेल्या रोडग्यांची पंगत असो, वांग्याच्या भाजीचं तिखट ठरवायला मामाजी हवेतच. आचाऱ्यानं पळी पुढं केली की तळहातावर रस्सा घेऊन चाटायचे, डोळे मिटायचे आणि ओरडायचे, "लेकरायची भाजी करून राह्यला काय बे? टाक अजून दोन मुठी!" मग सगळी पंगत नाकं पुसत जेवायची आणि मामाजी घरी येऊन छाती चोळत सोडा प्यायचे. जळजळ झाली नाही तर जेवण अंगी लागलंच नाही, असं त्यांचं ठाम मत.

शेवटी घास अडकायला लागला, तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव बॅरेट्स. आम्ल वर येऊन येऊन अन्ननलिकेचं खालचं अस्तरच बदललं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण पुढंमागं त्या वाटेला जाऊ शकतो. म्हणून रोज उपाशीपोटी गोळी, तंबाखू बंद, संध्याकाळी लवकर जेवण, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा, आणि ठरल्या वेळी पुन्हा दुर्बीण.

यातलं विटांचं काम मामाजींनी अगदी मन लावून केलं. मग सासूबाईंच्या लक्षात आलं, विटांच्या बाजूला उशी ठेवली तर ती उत्तरेला येतेय! उत्तरेला डोकं करून कुणी निजतं का? खाट फिरवावी तर मध्ये सोयाबीनची पोती. मामाजींनी खाट तशीच ठेवली आणि स्वतःच फिरले. दीड महिना हा माणूस पाय वर, डोकं खाली करून झोपला, आणि मला फोनवर सुनावायचा, "जवाई, तुमच्या डॉक्टरची गोळी लय बेकार हाय. आग तं घशापर्यंत येऊन राह्यली!" मी जाऊन खाट पाहिली आणि हसून हसून खालीच बसलो. विटा दुसऱ्या बाजूला सरकवायला पाच मिनिटं लागली.

पुढच्या दुर्बिणीला मात्र हसू पळालं. एका जागी पेशी बिघडायला लागल्या होत्या. अजून कॅन्सर नाही, तेवढा भाग दुर्बिणीतूनच जाळून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. "जिंदगीभर मीच जाळली, आता तुमी जाळा!" मामाजींनी डॉक्टरांनाही हसवलं. पण आत नेताना माझं मनगट काही सोडेनात. "जवाई, मले मरायचं भेव नाही," म्हणाले आणि पकड आणखी घट्ट केली. मग हळूच म्हणाले, "हाय थोडं."

जाळण्याचं काम नीट पार पडलं. आणखी एकदा करावं लागेल, आणि त्यानंतरही तपासण्या सुटणार नाहीत. परवा अनसिंगला गेलो, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची तारीख मामाजींनी स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहून ठेवलेली. खाली बारीक लिहिलं होतं, "जवाई संगं पाहिजे." उभ्या आयुष्यात हा माणूस कुणाला 'सोबत ये' म्हणाला नव्हता. त्या दिवसाची रजा मी आत्ताच टाकून ठेवलीय.