लाझरच्या नावाची कडू कॉफी

द्रानेच्या घरी कॉफीत साखर मिळत नाही, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कुणाकडे नवी सून आली की आम्ही तिला आधीच बजावून ठेवतो, द्राने मावशीकडे गेलीस तर कॉफी कडू मिळेल, उगाच तोंड वाकडं करू नकोस. मी लूले, तिची भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान आणि तिच्या मते दहापट तोंडाळ.

आमच्या श्कोडर शहरात बिनसाखरेच्या कॉफीचा अर्थ एकच. घरातलं माणूस गेलं की दार सताड उघडं ठेवतात, लोक येतात, भिंतीला टेकून बसतात, त्यांच्या हातात कडू कॉफीचा कप देतात. कप हातात घेतलेल्यानं म्हणायचं असतं, "मागे राहिलेले जगोत." माणूस मातीआड झालं, येणारे येऊन गेले, की मग घरात साखरेचा डबा उघडतो. एरवी पाहुण्याला कडू कॉफी देणं म्हणजे त्याचा सरळ अपमान.

लाझर तिचा धाकटा भाऊ. बुटका, गोल चेहऱ्याचा, सायकलवर उभा राहून शीळ घालत जायचा. पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात तो नदी ओलांडून पलीकडच्या देशात पळून जायला निघाला आणि काठावरच सापडला. मातृभूमीशी द्रोह केला म्हणून त्याच हिवाळ्यात त्याला गोळी घातली. प्रेत दिलं नाही, कुठे पुरलं तेही सांगितलं नाही. मोहल्ला समितीची बाई तेवढी दारात येऊन सांगून गेली: काळे कपडे घालायचे नाहीत, रडायचं नाही, दार बंद ठेवायचं आणि उद्या वेळेवर कामावर यायचं.

भिंती पातळ होत्या आणि भिंतीपलीकडे कोण कान लावून बसलंय याचा नेम नव्हता. लाझरच्या आईनं पिठाच्या पेटीचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि पेटीत तोंड खुपसून रडली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक आणि डोळ्यांखाली कणकेचे ओघळ. द्रानेनं तो पुसला. मग तिनं तीन कप कॉफी केली, त्या काळी अर्धी तरी जवाचीच असायची, आणि त्यात साखर घातली नाही. एक आईला, एक स्वतःला, एक लाझरच्या नावानं. दार बंदच होतं, त्यामुळे कुणी आलं नाही. उघडं असतं तरी कोण येणार होतं म्हणा. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या आईनं त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली आणि आम्हाला जेवायला बसवलं.

त्या संध्याकाळी द्रानेनं ठरवलं, लाझरला माती मिळेपर्यंत या घरात साखर नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. घरावर डाग लागला होता आणि डाग लागलेल्या घरातली मुलगी करून घेण्याची छाती मुलाकडच्यांना झाली नाही. तंबाखूच्या कारखान्यातून काढून तिला दलदलीत कालवे खणायला पाठवलं. आई लाझर लाझर करत गेली. लोकांना वाटायचं, रेशनची साखर वाचवून ही बाई विकत असणार. द्रानेनं कुणालाही खुलासा केला नाही.

मग ते कम्युनिस्टांचं राज्य पडलं. चौकातला पुतळा दोरखंड लावून खाली ओढला, तेव्हा अख्खं शहर सायकली टाकून बघायला धावलं. मीही गेले, घसा बसेपर्यंत ओरडले. द्राने नाही आली. ती त्या आठवड्यापासून पाश्कच्या पायरीवर जाऊन बसायला लागली.

पाश्क तुरुंगाची बंद गाडी चालवायचा. शिक्षा झालेल्यांना रात्री शहराबाहेर न्यायचं, ते त्याच गाडीतून. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोही नाकारायचा नाही. म्हणायचा, मी फक्त गाडी चालवायचो. गोळी झाडणारा म्हणायचा, मी फक्त हुकूम पाळला. हुकूम देणारा म्हणायचा, मी फक्त सही केली. आमच्या शहरात कुणीच कुणाला मारलेलं नाही, एवढी माणसं आपली आपणच मेली. त्यांना पेन्शन मिळते, ते अंगणात द्राक्षं लावतात, आणि बाजारात आपल्याच रांगेत उभे राहून टोमॅटो दाबून बघतात. माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं.

दर रविवारी चर्चमधून निघाली की द्राने त्याच्या पायरीवर बसायची. बोलायची नाही, शिव्या द्यायची नाही, रडायची तर अजिबात नाही. पाश्कच्या सुनेला लोकांपुढे लाज वाटायला लागली. शेवटी एका वसंतात तो उठला आणि तिला शहराबाहेरच्या टेकडीवर घेऊन गेला. रानडाळिंबाच्या झुडपाखाली काठी टेकवली आणि म्हणाला, इथे आहे.

इथेच होता. मनगटांच्या हाडांना अजून तार गुंडाळलेली होती. आमच्या रीतीप्रमाणे द्रानेनं ती हाडं घरी आणून वाइननं धुतली. पातेलं मी धरलं होतं. कबर खणणारा माणूस मांडीचं हाड आपल्या पायाला लावून बघत म्हणाला, बराच उंच होता की तुझा भाऊ. द्राने म्हणाली, त्याचं वाढीचं वय होतं. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या बाईच्या हातातलं हाड कुणी मोजत बसतं का?

आईशेजारी त्याला पुरलं. द्रानेनं दार उघडलं आणि तीन दिवस उघडं ठेवलं. गल्ली लोटली. ज्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या ते सगळे भिंतीला टेकून बसले आणि कडू कॉफी प्यायले. मोहल्ला समितीची बाईसुद्धा आली आणि सगळ्यांत मोठ्यानं रडली. माझ्या हातात किटली असती तर तिच्या डोक्यावर रिकामी केली असती. द्रानेनं तिलाही कप दिला. चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे वाटीभर साखर मागायला आली. घरात डबाच नव्हता.

त्या दिवसापासून पाश्क तिचा रविवारचा पाहुणा झाला. सायकल कुंपणाला टेकवायची, टोपी गुडघ्यावर ठेवायची, दोन चमचे साखरेची कॉफी आणि वर अंजिराचा मुरांबा. मी तिला फाडफाड बोलले. म्हटलं, ज्याच्या गाडीतून भाऊ गेला त्याला मुरांबे कसले चारतेस? ती म्हणाली, "त्याच्याच हातून परत आला ना." पंचवीसहून जास्त वर्षं तो माणूस तिचा मुरांबा खात होता आणि त्याच्या गालांवर तो दिसत होता.

काही वर्षांपूर्वी राजधानीतून दोन तरुण मुली आल्या. मारलेल्यांची हाडं आणि त्यांचे नातेवाईक यांचा मेळ घालायचं काम आता सरकारनं काढलं होतं. जे सापडले त्यांचीही खात्री करून घेतो म्हणाल्या. द्रानेनं हसत तोंड उघडलं, त्यांनी कापसाच्या काडीनं लाळ घेतली. कबरीतल्या हाडाचा तुकडाही नेला. आणखी काही महिन्यांनी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"लूले," ती म्हणाली, "तो लाझर नाही."

माझ्या हातातली चादर चिखलात पडली. ती वाकली, चादर उचलली, झटकून दोरीवर टाकली आणि घरात गेली.

त्या रविवारी मी मुद्दाम विणकाम घेऊन तिच्याकडे जाऊन बसले. पाश्क आला. आता सायकल चालवणं जमत नव्हतं, पण काठीऐवजी तीच धरून चालत यायचा. मुलं ग्रीसला गेली होती, सूनही त्यांच्यामागे गेली होती, त्याच्याशी बोलणारं गावात उरलंच कोण होतं. द्रानेनं कप ठेवला. त्यानं घोट घेतला आणि कप तोंडापासून लांब धरला.

"साखर विसरलीस, द्राने."

"विसरले नाही, पाश्क काका."

कुठल्याही माणसानं अशा वेळी विचारलं असतं, कोण गेलं? माझं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. त्यानं विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या हातातली सुई थांबली. द्राने मात्र जागेवरून हलली नाही. तिनं विचारलं, लाझर कुठे आहे? त्यानं टोपी चाचपली. मग म्हणाला, आठवत नाही. आम्हाला निघायच्या आधी दारू पाजायचे. तुझ्या भावाला बहुतेक नदीकाठी नेलं, आणि नदीनं मागून पात्र बदललं. खरंच आठवत नाही.

"मग हा कोण?"

"हा गाडीत माझ्या पाठीमागच्या जाळीपाशी बसला होता. त्यानं सिगारेट मागितली. नाव सांगितलं, न्दुए. डोंगरातल्या पुकाच्या वरच्या गावचा. म्हणाला, माझ्या बहिणीला सांग, फिले नाव तिचं. म्हणून ती जागा लक्षात राहिली."

"सांगितलंस तिला?"

"नाही."

"आणि मला का दिलास?"

पाश्क कपात बघत म्हणाला, "तू पायरीवरून उठत नव्हतीस."

तो गेल्यावर मी द्रानेला जे सांगितलं ते आजही सांगेन. म्हटलं, गप्प बस. हे तुला, मला आणि त्या थेरड्यालाच माहीत आहे. त्या सरकारी मुलींकडे न्दुएचं नाव नाही. त्या पोराला मेणबत्ती मिळते, प्रार्थना मिळते, तुझ्या आईची सोबत मिळते. त्याला देऊन टाकलंस तर तुझ्याकडे काय उरेल? नुसता खड्डा. या वयात दुसऱ्यांदा भाऊ घालवू नकोस.

आठवडाभर ती रोज कबरीपाशी जाऊन बसली. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं. शनिवारी ती आली ती अंगात बाहेर जायचा कोट घालूनच.

"फिले जिवंत असेल तर तिच्या घरी साखर बंद असेल," ती म्हणाली. "तुझ्या मुलाला गाडी काढायला सांग."

मी चरफडत काढायला लावली. अर्धा रस्ता डांबराचा, उरलेला दगडांचा. माझा मुलगा वळणावळणाला शिव्या घालत होता आणि मी त्याला, कारण मला कुणाला तरी घालायच्याच होत्या. वरच्या गावात फिलेचं घर विचारावं लागलं नाही. दारात एक म्हातारी उभी होती, वासा उभा केल्यासारखी उंच, चौकटीतून आत जाताना वाकणारी. द्राने तिच्याकडे नखशिखांत बघत राहिली. मला ते मांडीचं हाड आठवलं.

फिलेनं आम्ही कोण, कुठल्या, काहीच न विचारता आत नेलं, चुलीपाशी बसवलं आणि कॉफी आणली. मी घोट घेतला. कडू. मी कप खाली ठेवला. द्रानेनं मात्र दोन्ही हातांनी धरला.

"मागे राहिलेले जगोत," ती म्हणाली.

फिले उभीच होती. आम्ही अनोळखी, आणि तिच्या घरात ते शब्द तोपर्यंत कुणी उच्चारलेच नव्हते. ती हळूच खाली बसली आणि म्हणाली, "सापडला?"

"माझ्याकडे होता," द्राने म्हणाली. "आईशेजारी ठेवला होता. मी त्याला भाऊ समजत होते. तुला उशीर केला, बाई, माफ कर."

फिलेनं तिचा हात धरला आणि मग त्या दोघी रडल्या. द्रानेला रडताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पेटीबिटीत तोंड न घालता, उघड्या दारात, मोठ्यानं.

फिलेची लाळ हाडाशी जुळली. त्या शरद ऋतूत न्दुए आपल्या डोंगरात गेला. फिलेनं तीन दिवस दार उघडं ठेवलं, चौथ्या दिवशी सगळ्यांना गोड कॉफी दिली आणि द्रानेच्या कपात स्वतःच्या हातानं साखर ढवळली. द्रानेनं ती प्यायली, तो गोडवा फिलेच्या घरापुरताच मानून. श्कोडरला परतल्यावर तिनं आपल्या घरातला साखरेचा डबा उचलून माझ्याकडे आणून दिला. तो अजून माझ्या फळीवर आहे. आईशेजारचा खड्डा तिनं बुजवू दिला नाही, त्यावर फळ्या टाकून ठेवल्या आहेत. शहरात आता त्या काळाचं संग्रहालय झालं आहे, शाळेतली मुलं रांगेनं जातात, कोठड्यांचे फोटो काढतात. चांगलंच आहे. पण लाझर त्यात कुठेच नाही.

पाश्क पुन्हा तोंड दाखवणार नाही असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी सायकल धरून हजर. मी म्हटलं, हाकल त्याला. द्राने म्हणाली, माझ्या घरात अजून प्रेत यायचं आहे, अशा घराचं दार बंद करत नाहीत. तिनं त्याला कप दिला आणि समोर बसून राहिली. कडू कॉफी हातात घेतली की शब्द म्हणावेच लागतात, त्यातून सुटका नाही. पाश्कनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पुटपुटला, मागे राहिलेले जगोत. तेव्हापासून दर रविवारी तो येतो, कारण त्याला जायला दुसरं घर नाही, आणि दर रविवारी त्याला ते म्हणावं लागतं. मुरांबा बंद आहे.

गेल्या रविवारी त्याचा हात इतका हलत होता की कॉफी बशीत सांडली. तो म्हणाला, "द्राने, मी आता फार दिवस काढत नाही. एकदा तरी चमचाभर साखर घाल."

"जागा सांग. घालते."

"खरंच आठवत नाही गं."

द्रानेनं बशीतली कॉफी कपात ओतली आणि कप त्याच्या हातात परत दिला.

"मग कडू पी," ती म्हणाली.