हात धुण्याच्या जागेवरची पाटी

आमच्या सिंदीचे पेंटरकाका उलटे चालत. दुकानाच्या पाटीवर एक ओळ रंगवून झाली की ब्रश दातांत धरायचा, नजर अक्षरांवर ठेवायची आणि तीस-चाळीस पावलं मागे मागे जायचं. रस्त्यावर सायकली, म्हशी, कापसाने भरलेल्या बैलबंड्या. पण त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही. "पाटी कोनी जवळून वाचत नाई," असं म्हणायचे, "अन् मांगून येनाऱ्याले तं मी दिसतो न!" गावही त्यांना वळसा घालून जायला शिकलं होतं.

दुकानं, जिनिंगचे दरवाजे, शाळेच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. जीव मात्र लग्नाच्या पाट्यांत. नवरा-नवरीच्या नावांची मोठी पाटी झाली की न सांगता एक लहान पाटी करून द्यायचे. तिच्यावर एका कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र आणि पाहुण्यांना विनंती, की तुम्ही काढलेल्या फोटोंची एकेक कॉपी आम्हालाही द्या. खाली घरचा पत्ता. लोक हसायचे. मोठ्या पाटीवरच्या गणपतीच्या शेजारी हे यंत्र कशाला, असं विचारायचे.

याचं कारण त्यांनी एकदा आईला सांगितलं होतं. त्यांची बायको लग्नानंतर चारच वर्षांत गेली, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. बारा वर्षांनी ते हिंगणघाटला एका दूरच्या नातेवाइकाकडे गेले. तिथं पेटीतल्या जुन्या अल्बमात, मुंडावळ्या बांधलेली, हसू दाबत बसलेली ती अचानक समोर आली. "बारा वर्सं ते तिथं पेटीत बसून होती, वैनी," ते म्हणाले, "अन् मी कोनाले इचारलंच नाई."

त्या लहान पाटीवर त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली. पहिल्या पाटीवर 'फोटो द्यावेत' असं लिहिलं, तर वरपक्ष रागावला. मग 'कृपया' आलं, 'नम्र विनंती' आली, तर कोणी वाचेना. शेवटी त्यांनी आपल्याच बोलीत लिहिलं: 'आमचा फोटो तुमच्यापाशी राह्यला असन, तं एक कॉपी धाडजा.' मग जागा बदलली. मांडवाच्या दारात माणूस ओळखीचे चेहरे शोधत असतो, म्हणून तिथली पाटी काढली आणि हात धुण्याच्या पिंपाजवळ लावली. "जेवलेला मानूस निवांत वाचते," हा त्यांचा शोध.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरलं. चार महिने आधी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. किराण्याचं दुकान आई पाहू लागली. डॉक्टर म्हणत, व्यायाम करा, पाय परत येईल. बाबा थोडं करत आणि सोडून देत. लग्नात त्यांना मांडवाच्या खांबापाशी खुर्ची दिली होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्यासमोर अंतरपाट, डोळ्यांवर अक्षता. शेवटच्या मंगलाष्टकाला बाबा उठून उभे राहिले, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. मी पाहिलं नाही. बाबांचाही विश्वास बसेना. "चार जनायनं धरलं असन मले," ते म्हणाले. "उगा समजूत काढून राह्यले तुमी."

आठवड्याभरात फोटोग्राफर रडवेला होऊन आला. कॅमेऱ्याच्या फटीतून सगळ्या रोलना उजेड लागला होता. एकही फोटो हाती लागला नाही. मी सासरी वर्ध्याला होते. आईचा फोन आला, की बाबांनी व्यायाम पुरता सोडला, खाटेवरून उठतच नाहीत. नवीन संसाराचं कौतुक माझ्या मनातून उतरलं. रोज वाटायचं, आज काहीतरी वाईट कळेल.

तीन आठवड्यांनी मी माहेरी गेले होते, तेव्हा टपालाने एक पाकीट आलं. माझ्या नवऱ्याच्या गावच्या एका नर्सबाईंनी पाठवलेलं. 'हात धुताना पाटी वाचली, म्हणून धाडत आहे,' एवढंच लिहिलेलं. आत पाच फोटो. चौथ्यात अंतरपाट, आणि बाजूला बाबा. उभे. डावा हात खांबाला, मान ताठ.

मी धावत पेंटरकाकांना बोलावून आणलं. त्यांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला आणि बाबांपुढे ठेवला.

"कोनी धरलं हाये का तुमाले?"

"मांगून धरलं असन."

"मांगं पाहा न भाऊ. तुमच्या खुर्चीवर तं तुमची साळी बसली हाये!"

खरंच, मावशी बाबांच्या खुर्चीत ऐसपैस बसून अक्षता टाकत होती. बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. "मंगला," बाबांनी मला हाक मारली, "काठी दे इकडं." त्या दिवशी ते अंगणापर्यंत गेले. दिवाळीपर्यंत दुकानात बसू लागले.

पुढे फ्लेक्स आले. तासाभरात फोटोसकट रंगीत फलक मिळू लागला आणि पेंटरकाकांकडे पाटी मागायला कोणी येईना. त्यांचा हातही थरथरू लागला होता. मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. बाबा त्यांना सोडायला स्टेशनवर गेले होते. "तिथं काय करशीन तू?" बाबांनी विचारलं. काका पिशवी उचलून गाडीत चढले. बाबांनी घरी येऊन सांगितलेलं हेच माझ्या मनाला लागून राहिलं. कामाशिवाय हा माणूस परक्या गावात खिडकीशी बसून वाळत जाईल, असं सारखं वाटे.

दोन वर्षांनी अमरावतीला जाणं झालं, तेव्हा पत्ता शोधत निघाले. मनाशी तयारी करून रिक्षातून उतरले, तर घरासमोरच्या दूध डेअरीच्या भिंतीला शिडी लावलेली, वरच्या पायरीवर पेंटरकाका, आणि खाली शिडी धरून त्यांची मुलगी ओरडत होती, "बाबा, उतरा न आता! भात थंडा होऊन राह्यला!"

"एक वेलांटी राह्यली," वरून आवाज आला.

त्यांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात घट्ट धरलं होतं, आणि रेघ सरळ येत होती.

"तू जाय, ताट वाढ," मी त्यांच्या मुलीला म्हटलं आणि शिडी धरली.