चार दिवसांचा बेत, तिला वगळून

बेटावर राहणाऱ्या माणसांना बेटाचं कौतुक नसतं, हे बेटावर चार दिवस येणाऱ्यांना काही केल्या पटत नाही. त्यांना वाटतं, इथली माणसं सकाळी उठून समुद्राकडे बघत उसासे टाकत असतील. लिननताई सकाळी उठून बघायची ती आधी नळाला पाणी आहे का ते, आणि मग घड्याळाकडे.

बेटावरच्या मोठ्या हॉटेलातल्या धुलाईखात्याची ती मुख्य. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ या सगळ्याला हॉटेलात लिनन म्हणतात, म्हणून तिला लिननताई. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. तिची खोली अर्धी जमिनीखाली, बॉयलरला खेटून. खिडकी होती, नाही असं नाही. पण ती बाहेर जमिनीच्या पातळीला उघडायची, आणि तिच्यातून दिवसभर दिसायचे पाहुण्यांचे पाय. गोरे पाय, काळे पाय, उन्हाने सोललेले पाय, आणि सगळ्यांना चिकटलेली वाळू. हे पाय समुद्रावरून येत, तसेच बिछान्यावर चढत, आणि वरचं तोंड म्हणे, "काय स्वर्ग आहे!" मग तो स्वर्ग दुसऱ्या दिवशी गाठोडी बांधून खाली येई. लिननताई एकेक चादर झटके. मशीनची जाळी तरी तुंबेच. इतक्या वर्षांत तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी साबणाने पांढरी पडली होती, आणि खांदा हात वर करू देत नव्हता. खांद्याबद्दल ती कुणाला सांगत नसे. सांगून काय, खांदा बदलून मिळतो थोडाच!

बॉयलर मात्र बदलून मिळाला. तो वर्षभर कण्हत होता, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. एक दिवस मरून पडला तेव्हा मॅनेजर धावत खाली आला. नवा पुढच्या आठवड्यात येणार होता, तोवर थंड पाण्यावर भागवायचं, आणि आल्यावर तो बसवायला चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस चादरी बाहेर धुवायला जाणार होत्या.

"तुम्ही चार दिवस सुट्टी घ्या," मॅनेजर म्हणाला. हे तो अशा थाटात म्हणाला, की जणू स्वतःच्या आयुष्यातले चार दिवस काढून देतोय.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "चार दिवस मी काही करणार नाहीये."

नवरा फेरीबोटीच्या इंजिनावर होता. इंजिनाच्या आवाजाने त्याला ऐकू कमी यायचं, आणि यायचं त्यातलं सोयीचं तेवढंच तो ऐकायचा. तो म्हणाला, "हं."

"काही म्हणजे काहीच नाही. झोपणार. कूस बदलायलाही उठणार नाही."

"कूस बदलायला उठावं लागत नाही," नवरा म्हणाला. त्याचे विनोद हे असे.

पण घात त्यानेच केला. बहिणीचा फोन आला तेव्हा तो गप्प बसला असता तर त्याचं काय बिघडलं असतं? एरवी गप्पच असतो. त्या दिवशी मात्र त्याला बोलायला काहीतरी हवं होतं, आणि त्याने सांगितलं की हिला सुट्टी आहे.

नणंद पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शहरात राहायची. वर्षाला एक फेरी ठरलेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आलाच.

"वहिनी, कळलं बरं का! मी यांना म्हटलं, हीच वेळ. एरवी तू कामावर असतेस, आम्ही आपले एकटे भटकतो, बरं नाही वाटत. या वेळी सगळे मिळून मज्जा करू."

"वन्सं, त्या चार दिवसांत मला जरा—"

"आणि शेजारचेही येतायत आमच्याबरोबर. दोघंच आहेत गं. अगदी साधी माणसं, जमिनीवर झोपतील."

"कुठल्या जमिनीवर?" लिननताईने विचारलं. घरात खोल्या दोन, आणि जमीन होती ती सगळी वापरात होती.

"असेल की कुठेतरी! आणि प्लॅन तू कर हं. तुझ्यासारखा प्लॅन कुणाला जमत नाही."

हे खरं होतं, आणि हेच तिच्या मुळावर आलं होतं. दीपगृहाच्या पायऱ्या ऊन चढायच्या आत चढाव्यात, नाहीतर वर पोचेपर्यंत माणूस भाजून निघतो. काचेच्या तळाची बोट वारा पडलेला असेल तरच घ्यावी. पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीला जावं, भरतीला तिथे उभं राहायलाही जागा नसते. हे सगळं तिला पाठ होतं. गेल्या वर्षीच्या तिच्या बेतावर नणंदेच्या नवऱ्याने इतका खूश होऊन व्हिडिओ केला होता की तो बघून चार अनोळखी माणसांनी तिला फोन केले.

आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारी ती कागद घेऊन स्वयंपाकाच्या टेबलाशी बसली. पहिला दिवस: दुपारच्या बोटीने येणं, जेवण घरी, संध्याकाळी जेटीशेजारचा किनारा. लिहिताना सोपं वाटतं. पण जेवण घरी म्हणजे सकाळी बाजार, आणि सहा माणसांचा स्वयंपाक. संध्याकाळी किनारा म्हणजे चार माणसांचे वाळूचे पाय, तुंबलेली न्हाणी, वाळत घातलेले टॉवेल. दुसरा दिवस: पहाटे दीपगृह. म्हणजे त्याआधी चहा, आणि त्या चहाआधी उठलेलं कुणीतरी. ते कुणीतरी कोण, हे लिहायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत येऊन तिने पेन खाली ठेवलं. पाहुण्यांसाठी किती छान बेत होता! आणि त्या चारही दिवसांत ती स्वतः कुठे होती? ओट्याशी. एकदा न्हाणीत, जाळी काढताना.

तिला राग आला नाही. नुसतं बसल्या बसल्या जड झालं, ओला टेबलक्लॉथ खांद्यावर टाकल्यासारखं.

तिने दुसरा कागद घेतला आणि तोच बेत पुन्हा लिहायला घेतला, स्वतःला वगळून. सकाळचा चहा: ज्याला हवा त्याने करावा, गाळणी खिडकीच्या खिळ्याला. नाश्ता: अंडी आणि पाव, जेटीवरच्या टपरीत. दुपार: पांढरा किनारा, तिथेच खानावळ आहे, मालक गल्ल्यावर असेल तर बरी. न्हाणी: जाळी रोज काढावी, हात घालावा लागतो, घाबरू नये. बेत आणखीच चांगला झाला. अडचण एकच उरली. ती स्वतः कुठे जाणार? आतल्या खोलीत पडून राहावं तर पाहुण्यांनी भरलेल्या घरात पांघरूण घेऊन पडलेली बाई म्हणजे आजारी बाई. तिची विचारपूस होते, आणि विचारपूस करणाऱ्यांना चहा लागतो. आई राहिली नव्हती, त्यामुळे माहेर उरलं नव्हतं. भावाकडे गेलं तर भावजय म्हणणार, बरं झालं आलात, पडदे उतरवायचेच होते. हॉटेल? चादरीची कड बघूनच तिची झोप उडाली असती.

मग त्या चार दिवसांत कुणाचं घर रिकामं असणार होतं?

नवरा दारात बसून कसलातरी पाना पुसत होता. ती म्हणाली, "मी वन्संच्या घरी जाते."

"ती इकडे येतेय."

"हो."

त्याने बराच वेळ पाना पुसला. "मग तिथे कोण असेल?"

"कुणी नाही."

"कुणी नाही तर जाऊन काय करणार?"

"कुणी नाही म्हणूनच जाणार."

"आणि इथे?"

"इथे तुम्ही. बहीण तुमची आहे."

"मला भाताशिवाय काही येत नाही."

"चार दिवस भात खाऊन कुणी मेलेलं नाही," ती म्हणाली, आणि फोन उचलला.

"वन्सं, तुमच्या घराची किल्ली आणाल ना बरोबर?"

"का गं?"

"मी येतेय चार दिवस."

"कुठे?"

"तुमच्याकडे."

"अगं बाई, आम्ही तिकडे येतोय ना! तारखा नीट बघितल्यास का?"

"बघितल्या. म्हणूनच."

 मग नणंद भराभरा बोलू लागली. घर पसरलेलं आहे. लिफ्ट बंद असते. हवा येत नाही. खिडकीसमोर भिंत आहे, चिमणीसुद्धा दिसत नाही. "आणि लोक काय म्हणतील? पाहुणे आले आणि घरची बाई पळाली!"

"त्यांना सांगा, बॉयलर बदलायला नेलाय."

"थट्टा नको करूस वहिनी. बघू." आणि फोन ठेवला.

त्या घराण्यात 'बघू' म्हणजे नाही. हे लिननताईला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तरी तिने छोटी पिशवी भरली.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी ती तिकीटघराच्या सावलीत उभी राहिली. बोट लागली. हीच बोट उतारू उतरले की परत फिरणार होती, आणि त्यानंतरची थेट दुसऱ्या दिवशी. आधी उतरली नणंदेची टोपी, टोपीखाली नणंद. मागून तिचा नवरा, फोन डोळ्यासमोर धरून, पायरी न बघता. त्यामागे ते साधे शेजारी, जमिनीवर झोपणारे, कपाटाएवढी बॅग ओढत.

"अय्या, खरंच निघालीस?" नणंद म्हणाली. "मला वाटलं, गंमत करतेयस."

"किल्ली, वन्सं."

"अगं, बॅगेत तळाशी गेलीये. घरी चल, निवांत काढते."

"तोवर बोट सुटेल."

"मग उद्या जा!"

लिननताईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. नणंदेच्या नवऱ्याचा हात लगेच पुढे आला. "वा, प्लॅन! उद्या सूर्योदय कुठून धरायचा, वहिनी?"

"सगळं लिहिलंय, भाऊजी." तिने कागद दिला मात्र नाही. "आधी किल्ली."

"अगं, देऊन टाक ना," तो बायकोला म्हणाला. "प्लॅनशिवाय आपण इथे करायचं काय?"

शेजारी समुद्र बघू लागले, म्हणजे कान इकडेच ठेवून. नणंदेचा चेहरा उतरला. "म्हणजे तू आमच्यावर रागावलीयस, वहिनी. इतक्या वर्षांत बोलली नाहीस, आणि आज चारचौघांत—"

"रागवायला ताकद लागते, वन्सं," लिननताई म्हणाली. "तीच नाहीये."

तिने ते काही सुनावण्यासाठी म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. नणंदेने तिच्याकडे पाहिलं. मग त्या कागद धरलेल्या बोटांकडे, पांढऱ्या पडलेल्या पेरांकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याच बोटांनी तिच्या पुढ्यात ताट ठेवलं होतं. बोटीने भोंगा दिला. नणंदेने पर्सच्या पुढच्या कप्प्यात हात घातला आणि किल्ली काढली. बॅगेत तळाशी वगैरे काही गेली नव्हती. लिननताईने कागद दिला, किल्ली घेतली आणि बोटीत चढली.

लिफ्ट खरोखरच बंद होती. लिननताई जिन्यात दोनदा बसली. घर पसरलेलं होतं, हेही खोटं नव्हतं. मोरीत सकाळचे कप, खुर्चीवर कपड्यांचा डोंगर, बिछान्यावर चुरगळलेली चादर आणि तिच्यावर बिस्किटाचा चुरा. तिचे हात आपोआप चादरीच्या कोपऱ्याकडे गेले. कोपरा धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने तो सोडला आणि चुऱ्यासकट आडवी झाली.

फोन वाजला. "वहिनी, चहाची गाळणी कुठंय गं?"

"बेतात लिहिलीये," ती म्हणाली, आणि फोन उशीखाली सरकवला.

झोप काही लगेच आली नाही. अंगाला झोपायची सवय असते तशी न झोपायचीही असते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती टक्क जागी. उठून बसली तर हात मांडीवर हवेतच घड्या घालत होते. मोरीतल्या भांड्यांकडे तिने ओळख नसल्यासारखं पाहिलं, स्वतःपुरता एक कप विसळला आणि खिडकीशी बसली. समोर भिंत होती. पाण्याचा पाइप, पाइपाशेजारी ओलीचा डाग. पाय नव्हते. ती भिंत बघत राहिली. भिंतीला तिच्याकडून काही नको होतं.

तिसऱ्या दिवशी मात्र ती अशी झोपली, की उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ ते कळेना. संध्याकाळ होती. पाव उभ्याउभ्याच खाल्ला आणि पुन्हा झोपली. झोपेने थकवा गेला असं काही झालं नाही. खांदा होता तिथेच दुखत होता. पण थकवा आता तिचा स्वतःचा होता, कुणाच्या मधे येत नव्हता.

चौथ्या दिवशी जेटीवर दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. नणंदेचं नाक सोललं होतं, केस चिकटले होते. टोपी कुठेतरी उडून गेली होती.

"दीपगृह केलं. काचेच्या बोटीत यांना उलट्या झाल्या. वारा पडेपर्यंत थांबा म्हणून लिहिलं होतंस तू, पण हे ऐकतात थोडेच! न्हाणी दोनदा तुंबली. दादा बोटीवर, हे व्हिडिओत, शेजारीणबाईंना किळस. मीच घातला हात. किती वाळू येते गं!"

"येते," लिननताई म्हणाली.

"भात खाऊन खाऊन जीव विटला. तू काय पाहिलंस?"

"भिंत."

"कुठली भिंत?"

"तुमच्या खिडकीसमोरची."

नणंद हसायला गेली, पण हसली नाही. "ती भिंत मी लग्न झाल्यापासून बघतेय," ती म्हणाली. "उगाच नाही दरवर्षी इकडे पळून येत."

 इतक्या वर्षांत लिननताईने तिला कधी विचारलंही नव्हतं. भाऊजी शेजाऱ्यांना घेऊन केव्हाच बोटीत चढले होते आणि तिथून हाका मारत होते. तिने किल्ली पुढे केली.

"पुढच्या वेळी जाशील," नणंद किल्लीकडे बघत म्हणाली, "तेव्हा चादर तरी बदलून ठेवीन. त्या दिवशी निघायची घाई होती."

एरवी लिननताई म्हणाली असती, छे छे, कशाला उगाच. शब्द तोंडाशी आलेही. पण उद्या नवा बॉयलर होता, आणि घरी न्हाणीची जाळी होती, आणि उगाच बोलण्यात घालवायला तिच्याकडे फारसं काही शिल्लक नव्हतं.

"ठेवा," ती म्हणाली. "आणि इस्त्रीची ठेवा."

नणंदेने डोळे मोठे केले. मग तिने किल्ली पर्सच्या पुढच्याच कप्प्यात टाकली आणि बोटीकडे निघाली.