बेसिनजवळची बाटली

वॉर्डात सगळे तिला पाठीमागे साबणबाई म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं. ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या वॉर्डची ती इनचार्ज सिस्टर. हात न धुता कुणी खाटेजवळ गेलं की त्याची खैर नसे. एकदा तर तिनं मोठ्या सर्जनना सगळ्यांदेखत दारातून बेसिनकडे परत पाठवलं होतं.

दिवसभर हात धुऊन नर्स पोरींच्या बोटांना भेगा पडत. तिला ते बघवेना. तिनं स्वतःच क्रीमचा मोठा डबा आणला, त्यातलं क्रीम दाबायच्या बाटलीत भरलं आणि बाटली बेसिनजवळ ठेवली. संपत आली की तीच वरून पुन्हा भरायची. पोरी म्हणत, सासूसारखी ओरडते आणि आईसारखं करते.

मग रुग्णांच्या जखमा चिघळू लागल्या. आधी एकाची, मग पलीकडच्या खाटेवरची. जंतू एकच, आणि कुठल्याच औषधाला दाद न देणारा. मांडीच्या हाडात रॉड घातलेल्या बस ड्रायव्हरचा ताप तर उतरेचना. उरलं होतं एकच औषध, तेही मूत्रपिंडावर घाव घालणारं. डॉक्टरांनी नाइलाजानं ते सुरू केलं.

साबणबाईचा पारा चढला. तिनं साफसफाई करणाऱ्या मावशींना भर वॉर्डात धारेवर धरलं, त्यांच्याच फडक्यातून हे सगळीकडे फिरतंय म्हणाली. मावशींनी हातातलं फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं आणि त्या बाहेर गेल्या.

लॅबच्या डॉक्टरबाईंनी सगळीकडचे नमुने नेले. फडकी स्वच्छ निघाली. जंतू सापडला तो क्रीमच्या बाटलीत. न धुता वरून भरत राहिल्यानं तळाशी तो पोसला गेला होता आणि धुतलेल्या हातांवरून थेट जखमांपर्यंत जात होता. डॉक्टरबाई समजूतदार होत्या. अहवालात कुणाचं नाव येणार नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं. साबणबाईला मान वर करवेना. कामाच्या घाईत चूक झाली असती तर तिनं सोसलं असतं. हे तिनं मायेनं केलं होतं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

भांडारात मावशींना गाठून तिनं माफी मागितली. मावशी चादरींच्या घड्या घालत राहिल्या.

"मला एकटीला सांगताय," त्या म्हणाल्या. "बोललात तेव्हा सगळे होते."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलताना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. बाटली तिची होती आणि मावशींवर घेतलेला आळ खोटा होता. पोरी खाली बघत राहिल्या. ते तिला ओरडा खाण्यापेक्षा जड गेलं.

ड्रायव्हर वाचला. पण रॉड काढावा लागला, पाय आखूड झाला, मूत्रपिंडं अधू झाली. बस चालवणं आता सुटलं ते सुटलंच. ती त्याच्या खाटेशी उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता सगळं बोलली. त्यानं खिडकीकडे मान वळवली.

"तापात माझा हात धरून बसायचात, त्या तुम्हीच ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग काय म्हणू मी तुम्हाला, सिस्टर?"

तिनं त्याची उशी नीट केली आणि आधी हात धुतलेत ना, हे पुन्हा एकदा मनाशी आठवून पाहिलं.