वर न बघता काढलेलं चित्र

आर्ट कॉलेजात चार वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, रंग पुसायची फडकी आणि दोन, किस्से. फडकी आई एक दिवस वैतागून फेकून देते. किस्से कोण फेकणार?

मैत्रिणी जमल्या की मी फर्माईशीवर ऐकवते. परीक्षक ओल्या कॅनव्हासला टेकून उभे राहिले तो, लेक्चर देताना सरांनाच डुलकी लागली तो. सगळे पोट धरून हसतात. परवा लक्षात आलं, माझ्या प्रत्येक किश्शात मूर्ख दुसराच कुणीतरी असतो आणि मी आपली शहाणी, बाजूला उभी!

तर आज ते नाहीत. आज जे मी कधीच ऐकवत नाही ते.

*

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून ओळख विचारली. आमचे पेंटिंगचे सर पन्नाशी ओलांडलेले, खादीचा झब्बा, बोलताना हवेत ब्रश फिरवायचे. हातात ब्रश नसला तरी.

"कुठं राहतेस?"

"गारखेडा." खोटं नव्हतं. दोनच खोल्या, त्याही भाड्याच्या, पण गारखेड्यातच.

"वडील?"

"चिकलठाण्याला, कंपनीत."

हेही खोटं नव्हतं. शेजारी नेहा बसली होती, सिडकोतल्या एका डॉक्टरांची मुलगी. तिनं कुजबुजत विचारलं, "मॅनेजमेंटला का गं?"

मी म्हटलं, "तसंच. आत येणारा प्रत्येक माणूस त्यांना विचारूनच येतो."

दादा, म्हणजे माझे वडील, गेटवर वॉचमन आहेत!

आम्ही फुलंब्रीकडचे धनगर. दादा शहरात आले आणि पगाराला लागले. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते अजून मेंढरांमागंच आहेत. कॉलेजात हे कुणी विचारलं नव्हतं. मीच न विचारता लपवलं. आणि एकदा लपवलं म्हटल्यावर ते कळू नये म्हणून चार वर्षं इतकी मेहनत घेतली, की तेवढी चित्रांवर घेतली असती तर सुवर्णपदक मिळालं असतं.

*

मेहनत म्हणजे कशी? तर भाषेपासून. घरी 'लई' आणि 'नाय', कॉलेजच्या गेटमधून आत शिरलं की 'खूप' आणि 'नाही'. मधल्या सिग्नलला मी मनातल्या मनात गिअर बदलायचे.

दुसऱ्याच महिन्यात माउंटबोर्ड कापताना कटर सटकला आणि थेट अंगठ्यावर.

"आगं माय, मेले की वं! लई रगात यायलंय!"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. शहागंजची शबाना धावत आली. माझी सख्खी मैत्रीण, ओढणी फाडून अंगठा बांधणारी. बांधता बांधता कानात म्हणाली, "तू तो अपने इधर की निकली! इतने दिन कौन बोल रही थी?"

तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं. पण नेहाही विचारू लागली, "तुला ही भाषा कशी येते?"

"आमच्या कामवाल्या मावशी अशा बोलतात ना," मी म्हटलं.

आमच्या घरी कामवाली म्हणजे आई.

*

सरांशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मोठ्या माणसांचं 'आमच्या वेळी' सुरू झालं की माझं डोकं फिरतं, आणि सरांची प्रत्येक गोष्ट 'आमच्या वेळी'पासून सुरू व्हायची. शिवाय त्यांची चित्रं! सगळ्यांत खेडं, आणि खेड्यात बायका कशा, तर काठापदराची कोरी साडी, केसांत गजरा, डोक्यावर घागर आणि चेहऱ्यावर हसू!

एकदा मी भर वर्गात उभी राहिले. "सर, तीन हंडे पाणी वाहून आणणारी बाई हसत नसते. तिची मान दुखत असते. पायाला भेगा असतात. तुम्ही कधी खेड्यात गेलाय का?"

सर रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून त्यांनी खऱ्या उत्सुकतेनं विचारलं, "तू राहिली आहेस का खेड्यात? सांग ना मग. मला ऐकायचंय."

फुलंब्रीच्या विहिरीवरून मी स्वतः हंडे आणलेत. दहावीपर्यंत, प्रत्येक उन्हाळ्यात.

"नाही सर," मी म्हटलं. "अंदाजानं बोलले."

"मग बस," सर म्हणाले.

आयुष्यात एक वाद शंभर टक्के जिंकला होता, तो मी असा हरले!

*

स्टिल लाइफला, म्हणजे समोर मांडून चित्र काढायला, वस्तू लागतात. एकदा सरांना खरखरीत पोत हवा होता. "तांबं-पितळ पुरे झालं. कुणाच्या घरी घोंगडी आहे का?"

कुणी हात वर केला नाही. आमच्या घरी तीन होत्या. त्यातली एक मी रोज पांघरते.

दुसऱ्या दिवशी नेहा घेऊन आली. कुठल्याशा हस्तकला प्रदर्शनातून आणलेली, गोंडे लावलेली, मऊ. सर खूश. "वा! याला म्हणतात अस्सल!"

मला गप्प बसवेना. "ही अस्सल नाही, सर. मशीनची आहे. खरी घोंगडी अशी मऊ नसते, टोचते. तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते. नवी असली तर उभी करून ठेवता येते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नेहा जरा दुखावल्या आवाजात म्हणाली, "तुला गं काय माहीत?"

"यूट्यूब!" मी म्हटलं.

चार दिवस बसून मी त्या खोट्या घोंगडीचं चित्र काढलं. शेरा मिळाला: 'पोत जिवंत नाही.'

*

तिसऱ्या वर्षी तात्यांच्या पोरीचं, माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका कोण करणार? घरात डिझायनर असताना बाहेर कशाला जायचं!

आमच्याकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्यात का? वर गणपती, बाजूला केळीचे खांब, आणि खाली चाळीस नावं. मामा, मावसा, आतेसासऱ्याचा भाऊ, सरपंच, माजी सरपंच. मला ते बघूनच घुसमटायचं. मी कोरा पांढरा कागद घेतला, मध्यभागी बारीक करड्या अक्षरांत दोन नावं, तारीख, ठिकाण. भोवती मोकळी जागा. चाळीसच्या चाळीस नावं उडवली!

दादांनी पत्रिका उलटीपालटी करून बघितली. "बाकीचं मागं छापलंय का?"

"बाकीचं काही नसतं. याला मोकळी जागा म्हणतात. डोळ्याला विश्रांती मिळते."

"चाळीस माणसं रुसून बसली की आपल्यालाच विश्रांती मिळंल," दादा म्हणाले.

मी भडकले. तुम्हाला डिझाईन कळत नाही, तुम्ही जुनाट, तुम्हाला नावं मिरवायची हौस, सगळं बोलले. तात्या भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "पोरीनं एवढं शिकून केलंय. छापा."

छापली. आठवड्याभरात फोन सुरू झाले. पांढरा कागद, करडी अक्षरं, गणपती नाही, हळदीचं बोट नाही. पाचोडची आत्या तर फोनवर रडायलाच लागली: "कोण गेलं रं दादा? आन् मला आधी कळवलं नाय?"

तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली केली, मोटारसायकलीवर बसले आणि अकरा गावं फिरून घरोघरी सांगून आले: "कुणी मेलं नाय. लगीन हाय. जेवायला या!"

*

त्याच वर्षी, पाऊस सरल्यावर, सर आम्हाला आउटडोअर स्केचिंगला हर्सूल तलावावर घेऊन गेले. बोर्ड मांडून बसलो होतो आणि काठानं मेंढरं आली. मागं लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी.

तात्या.

सर उभेच राहिले. "काय चेहरा आहे! बघा, बघा, एकेक सुरकुती! बाबा, बसता का जरा? पोरं चित्र काढतील."

तात्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यापाशी आली तशी थांबली. चेहरा उजळला, तोंड उघडलं.

मी मान खाली घातली.

एवढंच केलं. मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. टोक आधीच होतं.

"बसतो की," तात्या म्हणाले, सरांना.

पण कुत्र्याला कोण समजावणार? तात्यांचा काळू सरळ माझ्याकडं आला, शेपटी हलवत माझा हात चाटला आणि पायाशी आडवा झाला. वीस जण बसले होते, त्यातून माझ्याच पायाशी!

"अगं, हा तुला ओळखतो की काय?" नेहा हसत म्हणाली.

"माझ्या डब्यात अंडं आहे," मी म्हटलं.

तिकडून तात्यांनी हाक मारली. "काळ्या, इकडं ये! लोकांच्या अंगावर जाऊ नाय."

लोकांच्या.

अर्धा तास तात्या दगडावर बसून होते. मी काढत होते. वर बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून कागदाकडं बघतच काढत राहिले. कपाळावरचा आडवा व्रण, एक भुवई जरा वर, खालच्या ओठाची तंबाखूची सवय.

सर मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी माझा बोर्ड उचलून सगळ्यांना दाखवला. "ही पोरगी एकदाही वर न बघता काढत होती! एकदा बघितलं आणि माणूस डोक्यात बसला. याला म्हणतात निरीक्षण!"

टाळ्या वाजल्या. तात्यांनीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी ते घरी आले. मी वाट बघत होते, आता बोलतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते. भांडण मला जमतं. तात्या चहा प्याले, मेंढरांच्या खुरांचं दुखणं सांगितलं आणि उठताना म्हणाले, "उन्हात बसत असशील तर डोक्यावर कायतरी घेत जा, माय."

*

शेवटचा किस्सा वार्षिक प्रदर्शनाचा.

सरांनी ते चित्र निवडलं. फ्रेम झाली, दारासमोरच्या भिंतीवर लागलं. नाव काय द्यायचं, सरांनी विचारलं. मीच दिलं आणि मीच कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'अनोळखी मेंढपाळ'. खाली माझं नाव, आडनावासकट.

घरी सांगितलं होतं की घरच्यांना आत सोडत नाहीत. दादांनी ते खरं मानलं. गेटवरच्या माणसाला असले नियम लगेच पटतात. पण पोरीचं चित्र भिंतीवर लागलंय हे तात्यांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी तात्या दारात उभे. धुतलेलं धोतर, नवं पागोटं, चपला बाहेर काढून हातात घेतलेल्या. मी दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची वही घेऊन बसले होते. पाहुणा आला की त्याचं नाव-गाव लिहून घ्यायचं, हे माझं काम.

मी उठले. खरंच उठले. 'हे माझे तात्या', तीनच शब्द होते. मनात ते नीट जुळवूनही झाले होते.

तोवर नेहा पुढं गेली. "बाबा, कुणाला भेटायचंय? तुमचं कुणी आहे का इथं?"

सर वळून बघायला लागले. दोन-चार पाहुणेही. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीचं पान सरळ करायला लागले.

"नाय वं बाई," तात्या म्हणाले. "तळ्यावर मला बसवलं व्हतं. चित्र कसं झालंय, निस्तं बघाय आलो."

सरांनी ओळखलं. "अरे, आमचे मॉडेल! या, या!" हाताला धरून चित्रापाशी नेलं. तात्या बघत राहिले. व्रणावर आले, ओठावर आले, हसले. मग शेजारी उभ्या असलेल्या शबानाला त्यांनी कार्ड दाखवून विचारलं, "खाली काय लिवलंय, माय? मला वाचाय येत नाय."

शबानानं वाचलं, "अनोळखी मेंढपाळ."

"मंजी?"

शबाना जरा अडखळली. तिनं एकदा कार्डावरच्या माझ्या नावाकडं बघितलं, एकदा तात्यांच्या भुवईकडं, एकदा माझ्याकडं. "मंजी... जिसको कोई पहचानता नहीं, बाबा."

"आस्सं," तात्या म्हणाले. मान डोलावली. पुन्हा एकदा चित्राकडं बघितलं आणि दाराकडं निघाले.

"अगं, ह्यांचं नाव लिहून घे ना वहीत!" नेहा मला म्हणाली. "खुद्द मॉडेल आलेत!"

तात्या माझ्या टेबलासमोर येऊन थांबले. आमचं दोघांचं आडनाव एकच. मी वही पुढं ओढली, पेन उघडलं.

"नाव?" माझ्या तोंडून आलं.

तात्यांनी चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

"तिथं लिवलंय की चित्राखाली," ते म्हणाले. "तेच लिवा, म्याडम."

मी तेच लिहिलं.