पाण्यातले देव

डोंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकू कुठलंही बोलणं "बघू या" म्हणून संपवत. फाळणीच्या धामधुमीत त्यांचा मुलगा कराचीहून परतला नाही. तो येईपर्यंत म्हणून त्यांनी घरातले देव पाण्यात ठेवले होते. थंडीत त्या घंगाळातलं पाणी कोमट करत. मी कॉलेजात शिकणारा. माझा फारसा विश्वास नव्हता. तरी रोज विहिरीवरून पाणी मीच आणून द्यायचो.

एके सकाळी देव कोरडे पुसून देव्हाऱ्यात बसवलेले दिसले.

"काकू, दादा आला?"

"नाही रे. देवाला धाक घालून का कुणी येतं? उगाच बुडवून ठेवलं बिचाऱ्यांना. आता तो आणील तेव्हा आणील. बघू या."

भरलेली कळशी कुठे ठेवावी, ते मला कळेना.